द्राक्षवेल, कारखाना आणि शेतकरी
शामराव चौगुले यांच्या उद्यमापासून घ्यावयाचा बोध

(शिरूर व दौंड तालुक्यांतील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि विस्तार कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या भाषणासाठी मी जो विषय निवडला आहे तो ऐकून काहींच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. द्राक्षापासून वाइन तयार करणाऱ्या एका उद्योजकाची कहाणी ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी आणि शाळामास्तरांनी कशासाठी ऐकावी, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. परंतु ही कहाणी जितकी वाइनची आहे तितकीच ती शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याची आणि त्याला माल पुरविणाऱ्या शेतकऱ्याची आहे. शिवाय ती आपल्याच जिल्ह्यात घडलेली आहे. जुन्नर तालुक्यातील पाणी कुकडीच्या वाटेने आपल्या घोडनदीला मिळते आणि घोडनदी पुढे भीमेला मिळते. पाण्याप्रमाणेच पिकांचे आणि उद्योगांचे बरेवाईट अनुभवही वरून खाली वाहत येतात. त्यांचा उपयोग करून घेणे आपल्या हाती आहे.

एका कल्पनेचा उगम

शामराव चौगुले हे मुंबईत आपला व्यवसाय उभा केलेले उद्योजक. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी त्यांच्या मनात एक विलक्षण कल्पना आली. फ्रान्समधील शॅम्पेन प्रांतात जशी फसफसणारी वाइन तयार होते, तशा जातीची वाइन महाराष्ट्रात तयार करून ती थेट युरोपात विकावयाची, ही ती कल्पना होय. त्या काळी आपल्या देशात वाइन पिणारा वर्ग अगदी लहान होता. द्राक्ष म्हटले की ते खाण्याचे किंवा बेदाण्याचे, एवढीच समजूत सर्वत्र होती. ज्या देशाने शतकानुशतके ही विद्या जोपासली त्याच देशाच्या दारात आपला माल नेऊन उभा करावयाचा, हा विचार अनेकांना वेडेपणाचा वाटला असल्यास नवल नाही.

चौगुले यांनी मात्र अर्धवट ज्ञानावर कारखाना काढण्याची घाई केली नाही. १७८५ साली स्थापन झालेल्या पायपर-हाइडसिक या फ्रेंच कंपनीचे तांत्रिक साहाय्य त्यांनी मिळविले. त्या कंपनीच्या तज्ज्ञांनी येथे येऊन माती, हवामान व पाणी यांची पाहणी केली. त्यानंतरच नारायणगावच्या परिसराची निवड झाली. जमीन पाहिली, मग वेल निवडला आणि त्यानंतर यंत्रे आणली. हा क्रम आपण नीट ध्यानात ठेवावा. आधी इमारत, मग यंत्रे आणि शेवटी कच्च्या मालाचा शोध, अशा उलट्या क्रमाने निघालेले किती उद्योग आज कुलूपबंद अवस्थेत पडून आहेत, हे आपणांस मी सांगावयास नको.

नारायणगावच का?

वाइनच्या द्राक्षाला दिवसा ऊन आणि रात्री गारवा लागतो. उन्हाने साखर भरते आणि रात्रीच्या गारव्याने फळातील आंबटपणा टिकून राहतो. दोहोंचा मेळ बसला तरच वाइनला चव येते. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीचा, चुनखडीचा अंश असलेल्या जमिनीचा हा पट्टा हिवाळ्यात नेमके असे हवामान देतो. कुकडी प्रकल्पाने पाण्याची सोय केलेली होती आणि द्राक्षबागेचा सराव असलेला कष्टाळू शेतकरीही तेथे होता.

येथील वेल युरोपातील वेलीहून निराळ्या तऱ्हेने वागतो. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडते, वेल झोपी जातो आणि वसंतात जागा होतो. आपल्याकडे वेलीला झोप अशी नाहीच. म्हणून आपला शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करावयाची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून फळ धरावयाचे. दोन छाटण्या व एक पीक ही पद्धत दक्षिणेकडील बागाईतदारांनी अनुभवातून सिद्ध केली होती. फ्रेंच तज्ज्ञांच्या ज्ञानाला या देशी अनुभवाची जोड मिळाली, तेव्हाच तो प्रयोग मार्गी लागला. परदेशी विद्या स्वीकारताना स्थानिक शेतकऱ्याचे शहाणपण बाजूला सारून चालत नाही.

रस फसफसतो कसा?

शिक्षकमित्रांसाठी येथे थोडी शास्त्रीय माहिती देतो, कारण वर्गात रसायनशास्त्र शिकविताना तिचा उपयोग होईल. द्राक्षाच्या रसातील साखरेवर यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव वाढतात. साखरेचे रूपांतर मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड यांत होते. या क्रियेमागे सजीव सूक्ष्मजंतू आहेत, हे लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केले. साध्या वाइनमध्ये हा वायू निघून जातो. फसफसणाऱ्या वाइनमध्ये मात्र तयार वाइनमध्ये पुन्हा थोडी साखर व यीस्ट घालून ती जाड काचेच्या बाटलीत बंद करतात. दुसऱ्यांदा आंबण्याची क्रिया बाटलीतच होते आणि वायू आतल्या आत रसात विरघळून राहतो. पुढे बाटल्या मांडणीवर तिरप्या ठेवून रोज थोड्या फिरवितात. साका तोंडाशी जमला की ते तोंड गोठवून साका बाहेर काढतात आणि बाटलीला नवे बूच लावतात. या कामाला महिनोन्‌महिने लागतात. तेवढा काळ भांडवल बाटलीत अडकून पडते. ही गोष्टही ध्यानात असू द्यावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

नारायणगावी तयार झालेली वाइन १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'ओमर खय्याम' या नावाने परदेशी बाजारात गेली आणि तेथील जाणकारांनी तिची दखल घेतली. देशातील बाजारासाठी 'मार्कीज द पाँपादूर' हे नाव योजण्यात आले. आरंभी आपल्या परिचयाच्या थॉमसन सीडलेस द्राक्षाचाही उपयोग करण्यात आला. शार्दोने, पिनो न्वार, युनी ब्लां अशा परदेशी जातींची लागवडही झाली. पुणे जिल्ह्यातील एका गावातून निघालेली बाटली लंडनच्या दुकानात जाऊन बसली, ही घटना त्या काळी सामान्य नव्हती.

विस्ताराची वर्षे

पुढे हा उद्योग 'शातो इंडाज' या नावाने ओळखला जाऊ लागला. साध्या लाल व पांढऱ्या वाइनचे अनेक प्रकार निघाले. शामरावांचे पुत्र रणजित चौगुले यांनी व्यवस्थापनाची धुरा घेतली आणि एका व्यक्तीच्या ध्यासातून निघालेला उद्योग कुटुंबाचा उद्योग झाला. शेअर बाजारात कंपनीच्या भागांची खरेदीविक्री होऊ लागली.

या मार्गावर इतर कुटुंबेही होती. बंगळूरजवळ नंदी टेकड्यांच्या परिसरात ग्रोव्हर कुटुंबाने फ्रेंच तज्ज्ञाच्या साहाय्याने बागा उभ्या केल्या. नाशिकला राजीव सामंत यांनी सुला ही वायनरी उभारली. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला मोहिते-पाटील कुटुंबाने इटालियन व दिल्लीकर भागीदारांसह 'फ्रातेल्ली' हा उद्योग काढला. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. वाइनवरील उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्यानांची आखणी झाली. शेतकऱ्याच्या मालाला घरच्या जिल्ह्यात गिऱ्हाईक मिळावे, हा त्यामागील हेतू होता.

आपल्या दौंड तालुक्यातही याच काळात रोटी गावच्या शिवारात 'फोर सीझन्स' ही वायनरी उभी राहिली. ती त्या वेळच्या यूबी समूहाची होती आणि पुढे ग्रोव्हर झांपा या कंपनीकडे गेली. ज्या रोटी घाटातून तुकोबांची पालखी दरवर्षी पंढरीस जाते, त्याच परिसरात द्राक्षाच्या ओळी उभ्या राहिल्या. तेव्हा हा विषय आपल्या वेशीपर्यंत येऊन ठेपला आहे, असेच म्हणावे लागेल.

उतरणीची कारणे

आता कहाणीचा दुसरा भाग. तो कटू असला तरी सांगितलाच पाहिजे. २००७ व २००८ च्या सुमारास शातो इंडाजने परदेशात झपाट्याने विस्तार केला. ब्रिटनमधील वितरण कंपनी आणि ऑस्ट्रेलियातील वायनरी विकत घेतल्या गेल्या. कर्जाचा भार वाढला. त्याच वेळी जगभर आर्थिक मंदी आली. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, पर्यटक येईनासे झाले आणि मोठ्या हॉटेलांतील वाइनची मागणी एकाएकी घसरली. माल कोठारात साचून राहिला आणि कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. महिनोन्‌महिने भांडवल अडकवून ठेवणाऱ्या धंद्यात असा प्रसंग विशेष घातक ठरतो. शेतकऱ्यांची आणि कामगारांची देणी थकल्याच्या बातम्या त्या काळात येऊ लागल्या. धनकोंनी न्यायालयात धाव घेतली आणि २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला.

एका माणसाच्या कर्तृत्वाने उभे राहिलेले काम असे कोसळावे, याचे कोणालाही दुःख होईल. शामराव चौगुले यांची दूरदृष्टी त्यामुळे खोटी ठरत नाही. पुणे जिल्ह्याच्या मातीत जागतिक दर्जाचा माल निघू शकतो, हे त्यांनी सर्वांआधी करून दाखविले, आणि नंतर आलेल्या उद्योगांना तयार वाट मिळाली. परंतु वाट दाखविणाऱ्याचा गौरव करीत असताना वाटेत कोण पडले, इकडेही पाहिले पाहिजे.

शेतकरी अडकतो तो कोठे?

सर्वांत जास्त अडकतो तो माल पुरविणारा शेतकरी. याचे कारण द्राक्षाच्या जातीत आहे. खाण्याचे थॉमसन किंवा सोनाका द्राक्ष निर्यातदाराने नाकारले तर ते गावच्या बाजारात जाते आणि तेथेही न खपले तर त्याचा बेदाणा करता येतो. वाइनच्या द्राक्षाचे तसे नाही. त्याचा मणी बारीक, साल जाड आणि आत बिया. बाजारात ते कोणी घेत नाही आणि त्याचा चांगला बेदाणाही होत नाही. त्यातही साखर पुरती भरावी म्हणून घड मोजकेच ठेवावे लागतात, म्हणजे उत्पादन मुद्दाम कमी ठेवावे लागते. वेलीला फळ येण्यास दोन-तीन वर्षे जातात आणि मांडवाचा खर्च अनेक वर्षांच्या हिशेबाने केलेला असतो. अशा मालाला गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे वायनरी. तिने पाठ फिरविली की शेतकऱ्यापुढे कुऱ्हाडीवाचून दुसरा मार्ग राहत नाही. २००९ नंतरच्या मंदीत नाशिक भागात वाइन द्राक्षाच्या बागा तोडल्या गेल्या, त्या याच कारणाने.

आता आपल्या उसाशी तुलना करून पाहा. शिरूर व दौंड हे उसाचे तालुके. कारखान्याने ऊस नेण्यास विलंब लावला तर दौंड भागातील शेतकरी गुऱ्हाळाकडे वळू शकतो. कारखान्याने ऊस नेला तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत रास्त व किफायतशीर दराने पैसे द्यावे लागतात, विलंब झाल्यास वर्षाला १५ टक्के दराने व्याजाची तरतूद आहे आणि साखर आयुक्तांकडे दाद मागता येते. या तरतुदींची अंमलबजावणी नेहमीच चोख होते असे नाही, परंतु हक्क कागदावर तरी आहे. वाइनच्या द्राक्षाला असा कोणताही नियंत्रण आदेश नाही. तेथे शेतकऱ्याच्या हाती असतो तो केवळ करार. कंपनी बुडाली की तारण असलेल्या बँका व कामगार यांचा हक्क आधी येतो आणि विनातारण उधार माल दिलेल्या शेतकऱ्याची पाळी फार मागाहून येते. तोवर बहुधा वाटून घेण्यासारखे काही उरत नाही.

गावाचा प्रश्न

दुसरा प्रश्न सामाजिक आहे. वाइन हे मद्यच आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मादक पेयांच्या सेवनास बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे भारतीय राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात सांगितले आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विक्रीस मुभा देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्याच्या द्राक्षाला बाजार मिळेल, असे त्याचे समर्थन करण्यात आले. शिरूरच्या शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथून अण्णा हजारे यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि तो निर्णय पुढे अंमलात आला नाही. ज्या गावाने दारूच्या भट्ट्या बंद करून आपल्या पुनरुत्थानाचा आरंभ केला, त्या गावाचा हा विरोध समजण्यासारखा होता.

या दोन भूमिकांपैकी एकीला खोटे ठरविण्याची आवश्यकता नाही. द्राक्ष पिकविणे, त्यावर प्रक्रिया करणे आणि तयार माल बाहेरच्या बाजारात पाठविणे ही एक बाब झाली. गावात विक्रीचे दुकान उघडणे ही सर्वस्वी दुसरी बाब होय. पहिल्या बाबीत शेतकऱ्याचा लाभ आहे, तर दुसरीत गावाच्या संसाराचा प्रश्न आहे. दुकान गावात असावे की नसावे, हे ठरविण्यासाठी गावातील महिलांना 'आडव्या बाटली'च्या मतदानाचा मार्ग कायद्याने उपलब्ध करून दिला आहे. पंचायत सदस्यांनी ती प्रक्रिया नीट समजून घ्यावी आणि मागणी आल्यास तिला आडकाठी करू नये.

आपण काय करावे?

या सर्व अनुभवातून काही व्यवहार्य गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट कराराची. कोणत्याही प्रक्रिया उद्योगाशी, मग तो वाइनचा असो, टोमॅटोच्या रसाचा असो वा बटाट्याच्या काचऱ्यांचा असो, केवळ शब्दावर व्यवहार करू नये. राज्याच्या कृषी उत्पन्न पणन कायद्यात २००६ साली झालेल्या सुधारणेने करार शेतीला कायद्याची चौकट मिळाली आहे. करार मराठीत असावा व तो नोंदविलेला असावा. भाव, प्रत ठरविण्याची रीत आणि पैसे देण्याची मुदत यांचा त्यात स्पष्ट उल्लेख असावा. साखरेचे प्रमाण मोजताना शेतकऱ्याचा प्रतिनिधी हजर असावा. मालाच्या किमतीचा काही भाग आगाऊ मिळावा किंवा त्यास बँकेची हमी असावी. एकट्या शेतकऱ्याने हे मागितले तर त्याचे कोणी ऐकणार नाही. उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था स्थापून मागितले तर ऐकणे भाग पडेल.

दुसरी गोष्ट जातीच्या निवडीची. सारे क्षेत्र एका गिऱ्हाइकाच्या भरवशावर लावू नये. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने 'एआरआय-५१६' ही जात विकसित केली आहे. तिचा उपयोग रस, जॅम, बेदाणा व वाइन अशा अनेक अंगांनी होतो. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने 'मांजरी मेडिका' ही रसासाठीची जात दिली आहे. एका जातीला चार वाटा असल्या म्हणजे एक बंद झाली तरी शेतकरी बुडत नाही. मांजरी आपल्या दोन्ही तालुक्यांना जवळ आहे. विस्तार कर्मचाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या सहली तेथे अवश्य न्याव्यात.

तिसरी गोष्ट पाण्याची. ठिबकावरील द्राक्षाला उसापेक्षा पुष्कळ कमी पाणी लागते. घोड, भीमा आणि कालव्यांच्या पाण्यावर दिवसेंदिवस वाढणारा ताण पाहता, या मुद्द्याचा विचार आपणांस आज ना उद्या करावाच लागेल. त्यासाठी वाइनच केली पाहिजे असे मात्र नाही.

चौथी गोष्ट हिशेबाची आणि ती शिक्षकांकडे येते. करार वाचता येणे, व्याज काढता येणे, कंपनीचा ताळेबंद पाहून तिच्यावर कर्ज किती आहे हे ओळखता येणे, ही आजच्या शेतकऱ्याची साक्षरता होय. ज्यांच्या बागा कंपनीशी बांधल्या गेल्या होत्या त्यांपैकी किती जणांनी त्या कंपनीचा वार्षिक अहवाल पाहिला असेल? आठवी-नववीच्या मुलाला शेकडेवारीचे गणित शिकविताना उदाहरण गावातल्याच कराराचे घ्यावे. मुलगा ते घरी जाऊन बापाला सांगेल.

मित्रहो, शामराव चौगुले यांनी एक मोठे स्वप्न पाहिले, त्यासाठी योग्य जमीन शोधली, योग्य विद्या आणली आणि ते बरेच अंशी साकार केले. पुढे विस्ताराचा वेग व कर्जाचा भार यांनी त्या कामाचा घात केला. अशी स्वप्ने पाहणारी माणसे आपल्या जिल्ह्यात पुनः पुन्हा निर्माण व्हावीत, अशीच आपली इच्छा असली पाहिजे. मात्र त्यांच्या स्वप्नाला माल पुरविणाऱ्या शेतकऱ्याचे पैसे वेळेवर व निश्चितपणे त्याच्या पदरात पडतील, अशी तजवीज आधीच करून ठेवण्याची जबाबदारी पंचायत, अधिकारी आणि शिक्षक या नात्याने आपणां सर्वांवर आहे. रोटीच्या शिवारापासून घोडनदीच्या काठापर्यंत जेथे जेथे नवा प्रक्रिया उद्योग येईल, तेथे त्याचे स्वागत करण्यापूर्वी आपण त्याच्याकडे एक कागद मागावा, तो नीट वाचावा आणि मगच कुदळ मारावी, एवढीच आपणांस माझी विनंती आहे.